मामींचा आजचा चहा

घाईत असलेल्या माणसाला मामी चहा देत नसत. दारात तलाठी उभा असो नाहीतर स्वतःचा जावई, पहिला प्रश्न ठरलेला. "बसायला येळ हाय का?" समोरचा म्हणाला, "नाही हो, जरा गडबडीत आहे," की मामी तांब्याभर पाणी पुढे करायच्या. "मंग पानी प्या आनि निघा. च्या गडबडीचा न्हाई."

त्या माझ्या घरमालकीण. मी तेव्हा घोडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नव्याने रुजू झाले होते. गावात एकट्या बाईला खोली मिळेना. मामींच्या माडीवरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गेले. लग्न झालं का, जात कोणती, रात्री कोण कोण येणार, या प्रश्नांची उत्तरं मी मनात तयार ठेवली होती. मामींनी त्यातलं काहीच विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "तुमाला वास येतो का?"

मी गोंधळले. म्हटलं, "दिवसभर गोठ्यात असते मामी. सगळे वास येतात."

"मंग ऱ्हावा," त्या म्हणाल्या. खोली ठरली.

सत्तरीच्या आसपासचं वय, उंच, मोठ्या हाडाचा बांधा, नऊवारीचा पदर खोचलेला आणि गळ्यात दोरी लावलेला चष्मा. दारापुढे कांद्याची चाळ, मागे ऊस आणि गोठा. मामा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलं पुण्यात. शेती मामी स्वतः बघायच्या आणि कडक बघायच्या. बाजाराच्या दिवशी बैलाच्या दातावरून चार व्यापाऱ्यांत वाद झाला तर पाचवा म्हणून मामींना बोलावणं यायचं. सारा गाव त्यांना मामीच म्हणायचा. मीही म्हणायला लागले.

त्यांच्या ओटीवर, जिथे दुसऱ्या घरात देव्हारा असता तिथे, कॉम्प्युटर होता. काळा, जाडजूड, पडद्याला कडेने चीर गेलेला. त्याच्या एका बाजूला इलेक्ट्रिकची किटली आणि दुसऱ्या बाजूला फडताळात चहाचे डबे. रोज सकाळी धार काढून झाली की मामी हातपाय धुऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसत. आधी एक डबा निवडायचा. मग पाणी. घोडेगावच्या बोअरचं पाणी मचूळ, म्हणून मळ्यातल्या जुन्या विहिरीचं पाणी कळशीने वेगळं आणलेलं असे. पाणी तापताना त्या किटलीला कान लावत. "थांब थांब" असं तिच्याशी बोलत आणि एकाएकी बटण बंद करत. चहा गाळून पांढऱ्या पेल्यात ओतला की त्याचा फोटो निघे. मग पहिला घोट. तो घोट असा काही मोठ्याने ओढत की गोठ्यातली म्हैस मान वर करून बघायची.

आणि मग त्या टाईप करायला बसत.

जगभरच्या चहावेड्यांचा एक गट होता. 'आजचा चहा' या पानावर प्रत्येकाने रोज आपण काय केलं, कसं केलं, कसं लागलं ते लिहायचं. जो तो आपापल्या भाषेत लिही आणि कॉम्प्युटर ते वाचणाऱ्याच्या भाषेत करून दाखवी. मामी मराठीत लिहायच्या. मराठीतही त्यांच्या स्वतःच्या. एका सकाळी मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: "आजची पत्ती आसामची. पहिला घोट भिजलेल्या कडब्यासारखा. नंतर तोंडात गूळ राहतो. शेवटाला वासराच्या कपाळाचा वास."

"वासराच्या कपाळाचा?" मी विचारलं.

"तुमी जनावरांच्या डॉक्टर ना? हुंगलं न्हाई कदी?"

दुपारी एका गोठ्यात गेले तेव्हा चार दिवसांचं वासरू जवळ घेऊन मी त्याचं कपाळ हुंगलं. दूध, उन्हात वाळलेलं गवत आणि थोडीशी धूळ. संध्याकाळी मामींनी त्याच चहाचा पेला माझ्या हातात दिला. शेवटच्या घोटाला तेच सगळं होतं. मी इतकी वर्षं चहा नुसता गिळत आले होते, हे मला त्या ओटीवर कळलं.

तिकडे कुठल्याशा थंड देशातल्या बाईने मामींना विचारलं होतं, की वासराचं कपाळ हुंगायचं असेल तर परवानगी कुणाची घ्यावी लागते? मामींनी उत्तर दिलं, "गाईची."

ही चहाची गोडी लागली कशी, तेही त्यांनी एकदा सांगितलं. मोठ्या मुलाने ऑफिसात भेट मिळालेला एक भारी डबा आणून दिला. मामींनी त्यातली पत्ती नेहमीसारखी दूध-साखर घालून खळाखळा उकळली. चव इतकी वाईट, की त्यांनी तो चहा उकिरड्यावर ओतला. "पन मनाला लागलं," त्या म्हणाल्या. "येवढा झ्याक डबा, येवढी नाजूक पानं. म्हनलं, चूक पानांची न्हाई, माजी हाय." डब्यावरचं इंग्रजी वाचता येईना. म्हणून एकेक अक्षर बघून त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवलं आणि त्यालाच विचारलं. तिथून एकातून एक धागा निघत गेला. वीस वर्षांची मिश्री त्यांनी एका सकाळी सोडली, का, तर "जिभेवर पडदा येतो". घरच्यांनी विनवण्या करून जे सुटलं नव्हतं ते चहाने सोडवलं.

कॉम्प्युटर त्याच्याही आधीचा. मुलगा पुण्याला जाताना जुना म्हणून ठेवून गेलेला. तो बंद पडला तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, नगरला दुकानात टाक नाहीतर भंगारात दे." मामींनी त्याची पाठ उघडली. आत कांद्याच्या सालपटाची पूड बसली होती आणि पालीने अंडी घातली होती. रंग द्यायच्या नव्या ब्रशने सगळं झाडून, आतल्या पट्ट्या काढून, पुसून जागच्या जागी बसवल्या. कॉम्प्युटर चालू झाला. "तवापासून भ्या गेलं," त्या म्हणायच्या. "ज्याच्या पोटात हात घातला त्याचं काय भ्या? तुमीच सांगा, डॉक्टर."

गावातली माणसं उतारा काढायला, निकाल बघायला त्यांच्याकडे यायची. मामी कुणाचं काम करून देत नसत. त्या माणसालाच खुर्चीत बसवत. "तूच दाब. चुकलं तर चुकलं, कॉम्प्युटर चावत न्हाई." पंचावन्न वर्षांचा धिप्पाड गडी घाम पुसत एका बोटाने स्वतःचं नाव टाईप करताना मी त्या ओटीवर पाहिलाय. नाव पडद्यावर उमटलं तेव्हा तो लहान मुलासारखा हसला होता.

एकदा त्या गटात कुणीतरी विषय काढला, की आपण सगळे रोज इथे भेटतो, पण कॉम्प्युटरशी तुमचं कितपत जमतं? निम्म्याहून जास्त लोकांनी भीती कबूल केली. कुणाचं सगळं नातू करी, कुणी नवऱ्याला हाक मारी. मामींनी लिहिलं: "नवा बैल आणला की त्याच दिवशी औताला जुंपत नाहीत. त्याला आधी आपला हात कळू द्यायचा. कॉम्प्युटरला पण तसंच करा." त्याखाली एका गृहस्थाने लिहिलं होतं, "मला तीनच बटणं माहीत आहेत. चौथं चुकून दाबलं गेलं तर मी हात मांडीवर ठेवून बसून राहतो. कधी कधी ते आपोआप पूर्ववत होतं."

मामी खूप हसल्या. मग त्यांनी त्या माणसाला रोज एक बटण शिकवायला घेतलं.

त्या गृहस्थाचं गटातलं नाव 'कोहरा', म्हणजे धुकं. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. उत्तरेकडे कुठल्यातरी डोंगरातल्या गावात ते एकटे राहत आणि हिंदीत लिहीत, एवढीच माहिती. रोज दिवस उगवताच त्यांचा फोटो येई. खिडकीचा कठडा, त्याच्यावर काचेचा पेला, खाली दोन ओळी. कधी एका दिवसाचाही खंड नाही. मामी धार काढून येईपर्यंत तो फोटो आलेला असायचा आणि मामींचं पहिलं वाक्य त्यांना असायचं. कधी त्यांच्या पाण्याला नावं ठेवत, कधी नवं बटण सांगत. दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते. एकमेकांचा चेहराही पाहिला नव्हता.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मला सुट्टी होती. सकाळी खाली आले तर मामींनी किटली लावलेली नव्हती. पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"कोहरा आला न्हाई," त्या म्हणाल्या.

"येतील मामी. लाईट गेली असेल. गावाला गेले असतील."

गटातल्या लोकांनीही तेच लिहिलं होतं. एकाने तर थट्टा केली होती, की शेवटी त्यांनी चौथं बटण दाबलं वाटतं.

मामींनी मला कोहऱ्यांचा आदल्या संध्याकाळचा मजकूर दाखवला. बरेच महिने शोधत असलेली एक जुनी, मुरलेली पत्ती त्यांना अखेर मिळाली होती. डबा टेबलावर ठेवलाय, आज उघडणार नाही, उद्या सकाळी ताज्या तोंडाने उघडेन आणि सगळ्यांना सांगेन, असं त्यांनी लिहिलं होतं.

"असला डबा घरात ठिवून मानूस गावाला जातो व्हय?" मामी म्हणाल्या. "लाईट गेली तर मोबाईल हाय. तो बी म्याच शिकीवलाय त्येंला. न्हाई डॉक्टर. ह्यो मानूस पडलाय."

मामींनी त्यांना आधीच तीन-चार निरोप पाठवले होते. उत्तर नव्हतं. गट चालवणाऱ्यांना विचारलं, तर त्यांच्याकडेही पत्ता नव्हता. पुढे करणार काय? मी तर हात टेकले होते. मामींनी खुर्ची पुढे ओढली.

नंतर त्यांनी जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं, म्हणूनच सांगू शकते. कुणी ऐकीव सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

त्यांनी कोहऱ्यांचे आजवरचे सगळे फोटो एका जागी गोळा केले. त्या फोटोंत रोज पेलाच बघायची सवय झालेली. मामी आता पेल्यामागे बघत होत्या. खिडकीबाहेर एक गल्ली होती. पलीकडे एक झाड आणि झाडाआड कसलीतरी पाटी. उन्हाळ्या-पावसाळ्यात पानांमुळे ती दिसत नव्हती. मामींनी थंडीतले, पानगळीनंतरचे फोटो तेवढे बाजूला काढले आणि मोठे केले. पाटीवर दुकानाचं नाव होतं, लोकरीचं दुकान. खाली मोबाईल नंबर. पण प्रत्येक फोटोत पेल्याने नंबराचा काही भाग झाकलेला.

"पेला रोज एकाच जागी ठिवत न्हाईत ते," मामी पुटपुटल्या. "कदी हिकडं, कदी तिकडं."

एका फोटोत सुरुवातीचे आकडे दिसत होते, दुसऱ्यात शेवटचे, तिसऱ्यात मधले. मामींनी ते तुकडे कापून एकाखाली एक लावले, सरकवले, जुळवले. धुरकट अक्षरं उजळ केली. त्यांची बोटं कांदा निवडताना चालतात तशी चालत होती. घाई नाही, थांबणंही नाही.  पाटी हळूहळू पूर्ण झाली. एक आकडा मात्र राहिला. तो प्रत्येक फोटोत विजेच्या खांबाआड होता.

"शून्यापास्नं सुरू करा," मामी मला म्हणाल्या. "तुमचं हिंदी बरं हाय."

मी फोनचा आवाज मोठा करून लावत गेले. पहिला नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसऱ्यावर एका बाईने मला झापलं. तिसरा कुणी उचलला नाही. पुढच्या एकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो चेन्नईत असल्याचं सांगितलं. मग एक नंबर लागला आणि मागून घंटेचा, गाड्यांचा आवाज आला.

"ऊन की दुकान है?" मी विचारलं.

"जी, बोलिए."

आता विचारायचं कुणाबद्दल? माणसाचं नाव नाही, घर नंबर नाही. मामींनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांचं हिंदी बैलबाजारातलं.

"भैया, तुमारे सामने एक बुड्ढा आदमी रहता ना? अकेला? खिडकी में रोज चाय रखता?"

"मास्टरजी?" पलीकडचा माणूस म्हणाला. "हाँ, सामने ही तो रहते हैं। आप कौन?"

"वो सब बाद में. आज खिडकी खुली क्या, देखो."

थोडा वेळ गेला. "नहीं जी, आज तो बंद है।"

"तो जाओ भैया. भागते जाओ. फोन चालू रखना."

आम्ही त्याची पावलं ऐकली. जिना ऐकला. दारावरच्या थापा आणि "मास्टरजी! मास्टरजी!" अशा हाका. मग तो कुणाला तरी ओरडून बोलावत होता. लाकूड मोडल्याचा आवाज झाला. मामींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर दिवसभर तिथे वळ होता. फोनमधून काही काळ नुसती धावपळ ऐकू येत राहिली, आणि मग त्या दुकानदाराचा धापा टाकणारा आवाज आला.

"रसोई में गिरे पड़े हैं जी। ज़िंदा हैं। बोल रहे हैं।"

पहाटे पाणी ठेवायला उठले आणि पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. गार फरशीवर तेव्हापासून पडून होते. मोबाईल टेबलावर, हात पोचत नव्हता. हाकांचा आवाज बंद खिडकीबाहेर गेला नव्हता. दुकानदाराने शेजाऱ्यांना घेऊन त्यांना दवाखान्यात हलवलं. दिल्लीला असलेल्या त्यांच्या मुलीला कळवलं.

मामींनी फोन खाली ठेवला. मला वाटलं आता रडतील किंवा हसतील. त्या उठून गोठ्यात गेल्या आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी गटाच्या पानावर त्यांची एकच ओळ होती: "कोहरा सापडले. बरे होतील. आज मी चहा केला नाही."

खाली जगभरातून काय काय आलं! कुणी विचारत होतं, तुम्ही पोलिसात होता का? कुणी म्हणत होतं, तुम्ही कॉम्प्युटर कुठे शिकलात? मामींनी कुणालाच उत्तर दिलं नाही. मीच न राहवून म्हटलं, "मामी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?"

"रोजचा मानूस दिसला न्हाई तर चौकशी करत्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं करत न्हाईत का?"

मी पुण्यात ज्या इमारतीत वाढले, तिथे शेजारच्या घरातल्या आजोबांचं नावही मला माहीत नव्हतं. 

पुढच्या उन्हाळ्यात शिर्डीला दर्शनाला आलेली एक गाडी वाट वाकडी करून घोडेगावात शिरली. काठी टेकत एक अगदी ठेंगणे, गोरे, टोपी घातलेले म्हातारे उतरले. मागून त्यांची मुलगी. मामी ओट्यावर उभ्या होत्या. बाजारात व्यापाऱ्यांना गप्प करणाऱ्या त्या बाईला पदर कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

मास्टरजींनी हात जोडले. मामींनीही जोडले. मग रोज एकमेकांना लिहिणारी ती दोन माणसं समोरासमोर नुसती उभी राहिली.

"बसा," मामी शेवटी म्हणाल्या. आणि मग आठवून, "बैठो."

त्यांनी चहा केला. कुठला ते मी विचारलं नाही. मास्टरजींनी डोळे मिटून घोट घेतला, थांबले, परत घेतला. मग हळू आवाजात हिंदीत म्हणाले, "फरशीवर पडलो होतो तेव्हा मरणाचं भय वाटलं नाही. एकच वाटत होतं, तुम्ही रागावला असाल."

मी मामींना मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना समजलं होतं.

"लई," मामी म्हणाल्या. "लई रागावले हुते."

मास्टरजी मान हलवत राहिले.  ओट्यावर कडुनिंबाची सावली होती, चाळीवरून कांद्याचा वास येत होता. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर ते खुर्चीतच झोपले होते. मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर.

त्यांची मुलगी हळूच मला म्हणाली, पडल्यापासून बाबांना झोप नाही. मध्येच दचकून उठतात, कुणी आहे का म्हणून हाका मारतात. आज असे कसे झोपले कोण जाणे. मग घड्याळ बघून ती उठली. परतीची रेल्वेगाडी गाठायची होती. ती वडिलांच्या खांद्याला हात लावणार, तोच मामींनी तिला हातानेच थांबवलं.

"झोपू दे बाई. गाडी काय, दुसरी भेटंल."

त्या दिवशी मामींची भरणीची, शेताला पाणी द्यायची पाळी होती. गडी दोनदा पाणी कुठल्या वाफ्याला वळवू म्हणून विचारायला आला. मामींनी त्याला बोट ओठावर ठेवून परत पाठवलं. म्हैस हंबरली तेव्हा मला खुणेने तिकडे पिटाळलं. मी वैरण टाकून आले तरी त्या तशाच बसलेल्या होत्या. ताठ, हात गुडघ्यांवर, म्हाताऱ्यांकडे नजर लावून. एक क्षण स्वस्थ न बसणाऱ्या मामींना मी अशा बसलेल्या आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. मास्टरजी जागे होईपर्यंत मामी तिथून हलल्या नाहीत.